घंटीचा जबाब

पुढच्या स्टेशनाशी तारेनं जोडलेली, सकाळपासून मुकी झालेली घंटी एकदाची वाजली आणि स्टेशन मास्तर किसनरावांच्या जिवात जीव आला. आपण जितके ठोके द्यावेत तितकेच पुढच्या स्टेशनानं परत दिले, की रूळ मोकळा समजायचा. किसनरावांनी ठोके दिले, बरोबर तितकेच परत आले. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली आणि मालगाडी निघून गेली.

थोड्या वेळानं तारा दुरुस्त करणारा जळबा घाम पुसत आला.

"मास्तर, वाजली का घंटी?"

"व्हय. पुढच्या स्टेशनानं लगेच जबाब दिला."

"ते कसं देईल? तिकडं तार तुटलेलीच हाय अजून. आपली घंटी ठीक हाय का पाहायला मी तारेची दोन्ही टोकं इथल्याच खांबावर एकमेकांना जोडली. तुमचेच ठोके आले तुमाला."

किसनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच एकेरी रुळावर समोरून नरसीच्या यात्रेकरूंनी भरलेली पॅसेंजर यायची होती.

दूर डोंगराच्या वळणावर मालगाडीनं शिट्टी दिली. पलीकडून तशीच शिट्टी परत आली.

"देवा, ही शिट्टी बी मालगाडीचीच परत आलेली असू दे," किसनराव हात जोडून पुटपुटले.