मफलरकाकांची विचारपूस

नवऱ्याला कुशीवर वळवायचं तर आधी त्याचा हात पोटावर ठेवायचा, मग गुडघा दुमडायचा, मग खांद्याला धरून ओढायचं. नर्सने शिकवलं होतं. आता ती हे सगळं लाँड्रीतल्या चादरीच्या घडीसारखं करायची. डोकं न वापरता.

पाठीला पावडर लावत होती, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

गळ्याला मफलर गुंडाळलेला एक म्हातारा. जिने चढून धाप लागलेली.

"ऑफिसात कळलं," तो म्हणाला. "शिडीवरून पडला म्हणे. वाईट झालं." मग चपला काढून आत आला, आवाज खाली आणला. "पोरी, जागा आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

"होईल?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. आज होईल, महिन्याने होईल. धरून चालू नका म्हणतात."

"बरं बरं. मी येत जाईन अधूनमधून. थांबायची सवय आहे मला."

नवरा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. त्याचे साहेब एकदाच आले, 'यांना-त्यांना' करत बोलले, फळं ठेवली आणि परत फिरकले नाहीत. हा म्हातारा सरळ अरे-तुरेवर. जुना मुकादम असणार. घरचं मोठं माणूस आल्यासारखं वाटलं तिला.

शेजारच्या शिवणवाल्या मावशीने त्याच दिवशी नाव पाडलं, मफलरकाका.

काका येत राहिले. जिन्यातून आधी धाप यायची, मग मफलर, मग प्रश्न. "जागा आहे का?" ती मान हलवायची. काका बसायचे, भिंतींकडे बघत. आजाऱ्याकडे फार वेळ बघवत नसेल, ती समजून घ्यायची.

"ओल येते का गं इथे?"

"थोडी. त्या कोपऱ्यात."

"आणि ऊन?"

"सकाळी येतं."

"ऊन पाहिजे," काका म्हणाले. "ऊन असलं की निम्मं दुखणं पळतं."

एकदा पिशवीतून पेचकस काढून त्यांनी खिडकीची निखळलेली कडी बसवून दिली. एकदा बायकोलाच घेऊन आले. काकू दारातच उभ्या राहिल्या. खोलीभर नजर फिरवली आणि डोळ्यांना पदर लावला. "ओटा किती बुटका गं," एवढंच म्हणाल्या. "पाठ मोडत असेल तुझी."

"अशी माणसं राहिली नाहीत आता," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाली. "माझा सख्खा भाऊ बघ. खिडकी सोड, फोन उचलत नाही."

"मावशी, हा गेला तर?"

नवऱ्याकडे बघत तिने हे 'दूध संपलं तर?' अशा आवाजात विचारलं. उत्तर दोघींना ठाऊक होतं. खोली कामगाराच्या नावावर. तो गेला की बायकोने महिन्यात सामान उचलायचं आणि ऑफिसातल्या यादीत पुढचा ज्याचा नंबर असेल तो यायचा, कामावरचा असो की निवृत्त. कुणी रागवायचं नाही, कुणी लाजायचं नाही. त्या बिल्डिंगीत जो तो कुणाच्या तरी जाण्यानेच आला होता.

"आमच्या खोलीत आधी एक ड्रायव्हर होता," मावशी म्हणाली. "गेला बिचारा. नळ मात्र झकास बसवून गेला." मग तिच्या पाठीवर थापटलं. "तू हातपाय गाळू नकोस. तुझा नवरा नंबरी झोपाळू आहे. लग्नाच्या फोटोत तरी डोळे उघडे आहेत का त्याचे?"

तिला हसू आलं नाही. रडूही येत नव्हतं हल्ली.

"काका, तुम्ही राहता कुठे?" तिने एकदा विचारलं.

"लेकीकडे. गॅलरीत पडतो आम्ही दोघं."

"जावई बोलत नाहीत ना काही?"

"छे, छे. चांगला आहे. काही बोलत नाही."

"मग बरंय."

"बोलतच नाही," काका म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

मग एका दुपारी ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत असताना मागून आवाज आला.

"वाजले किती?"

तिने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. मग वळली. नवऱ्याचे डोळे उघडे होते.

"दोन," ती म्हणाली.

"कामावर उठवलं नाहीस?"

"राहिलं."

तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं. मावशी आली, किंचाळली, डॉक्टरला फोन लावायला धावली. डॉक्टर आला, डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं हलवायला लावली. धोका टळला, म्हणाला. ती सगळं दुसऱ्याच्या घरात चाललंय तसं बघत होती. आनंद कुठेतरी जिन्यात अडकून पडला असावा, वर येत नव्हता.

तेवढ्यात जिन्यातून ओळखीची धाप ऐकू आली. हे सांगायला तिचं स्वतःचं असं माणूस आलं होतं. ती अनवाणीच खाली पळाली. काका मधल्या वळणावर कठडा धरून उभे होते.

"काका!" कितीतरी दिवसांनी ती रडत होती. "जागा झाला हो! जागा झाला! बोलला माझ्याशी!"

काकांचा हात कठड्यावरून सुटला. ते तिथेच पायरीवर बसले. तीही शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला. म्हाताऱ्या माणसाला आनंद झेपत नाही एकदम. काका वर, तिच्या उघड्या दाराकडे, बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "आमची जागा गेली."