बांधाचा मुरूम
दोन उन्हाळे आम्ही गावातल्या बचत गटाच्या बायांनी घमेली हातोहात देत नाल्यावर बांध घातला. बांधाला बक्षीस जाहीर झालं. ते द्यायला साहेब येणार, त्यांची गाडी खड्ड्यांत आदळू नये, म्हणून सरपंचाने रस्त्यावर मुरूम पसरवला. कुठला? आमच्याच बांधाचा! जेसीबीने मधोमध भगदाड पाडलेलं. “जवळचाच घेतला बाप्पा. पावसाळा झाला की भरून देतो,” सरपंच म्हणाला. “पावसाळा झाल्यावर बांध चाटाचा हाय काय?” गटप्रमुख वच्छलाबाई कडाडल्या. त्यांनी त्याच रस्त्यात फावडं घातलं. आम्ही रस्त्यापासून बांधापर्यंत रांग धरली. घमेली चालू लागली. तेवढ्यात गाडी रांगेपुढे थांबली. साहेब उतरले, सरपंच हार घेऊन धावला. वच्छलाबाईंनी त्याच्या आधी साहेबांच्या हातात भरलेलं घमेलं ठेवलं. “तुमच्या गाडीखाली आमचा बांध हाय, साहेब. हार मंग. पह्यले हे पुढं द्या, बाया खोळंबून राह्यल्या.”