डावा पीळ

“खलिफांचं अख्खं साम्राज्य सोन्याच्या धाग्यानं बांधलेलं आहे!” पाफ्नूत विणकर गरजला.

“बरं. मग?” सरकारी कोठारातल्या कारकुनानं जांभई आवरली.

“तो धागा सुटतोय. या लडीत.”

धागा सुटत नव्हता. पाफ्नूत धादांत खोटं बोलत होता.

रेशमावर सोन्याची बारीक पट्टी गुंडाळणाऱ्या बायका इजिप्तमधल्या तिन्नीस बेटावर घरोघरी होत्या. त्यांच्या लड्या कोठारात जमत आणि तिथून विणकरांकडे जात. कुठली कुणाची, हे सांगायची पद्धत नव्हती. सगळ्यांचा पीळ उजवा. एकीचाच डावा. वीस वर्षं पाफ्नूत ढिगातून तीच लडी शोधून उचलत होता आणि मागावर बसला की त्या न पाहिलेल्या बोटांशी मनातल्या मनात बोलत होता. विधुराला एवढी सोबत पुरते, असं त्याला पहिली एकोणीस वर्षं वाटलं.

नाव विचारून पाहिलं. कारकून सांगेना. लडी खराब निघाली, तरच ती करणारीला समोर उभं करत. म्हणून ही तक्रार.

तिसऱ्या प्रहरी ती आली. थेक्ला तिचं नाव. साठीची, ठेंगणी, चालून धाप लागलेली.

“कोण तो मेला, माझा धागा सुटतो म्हणणारा?”

पाफ्नूतनं हळूच हात वर केला.

“शाबीत झालं तर उद्यापासून तुझं काम बंद, बाई,” कारकून म्हणाला.

याचा पाफ्नूतनं विचारच केला नव्हता. तो पांढराफटक पडला.

“नाही, नाही! चांगला आहे धागा. मी खोटं बोललो. मला... यांना एकदा बघायचं होतं.”

“या वयात?” कारकुनानं लेखणी खाली ठेवली. “मग तुझा माग बंद. महिनाभर बस घरी.”

थेक्ला पाफ्नूतकडे वळली. मग म्हणाली, “विणून उरलेले तुकडे आमच्याकडे परत येतात, सोनं उलगडायला. एका विणकराच्या तुकड्यांना कधी कात्री लागलेली नसते. दातांनी तोडतो. वीस वर्षं मी ते बाजूला ठेवते आणि सगळ्यांत शेवटी उलगडते.”

पाफ्नूत ओशाळून खाली बघू लागला.

“पूर्वी दोन दातांची खूण असायची. गेल्या उन्हाळ्यापासून एकाचीच येते. जीव नुसता टांगणीला लागलाय.” ती जवळ आली. “जरा आ करा बघू.”