नंतर या

भिंगबाईंनी स्वतःच्या घरात पाऊल टाकलं आणि सवयीनं आधी चौकटीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"आली तपासणी," नवरा सोफ्यावरून म्हणाला.

भिंगबाई हे हॉटेलातल्या पोरींनी ठेवलेलं नाव, चालत चालत घरापर्यंत पोचलेलं. चार मजल्यांच्या खोल्या बाईंच्या हाताखाली. उशीवर एक केस सापडला, तर ज्या पोरीची खोली तिला सगळ्यांसमोर उभं करून तो केस उजेडात धरायच्या. खोली अशी हवी, जणू तिथं कधी कुणी झोपलंच नव्हतं. कालचा पाहुणा आजच्याला दिसता कामा नये. परक्यांच्या झोपेसाठी बिछाने घालता घालता त्यांची स्वतःची झोप कधी उडाली, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

इथं मात्र माणसं राहत होती. टेबलावर कपाचं वर्तुळ, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल, आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध पसरलेला नवरा. बाईंच्या ओठाचा कोपरा खाली गेला. जमिनीवरची उशी उचलून त्यांनी थोपटली, टोकावर उभी केली.

"उशा राहू देत. गाडी येईल एवढ्यात. फोनवर सांगितलं तेच, मावशीकडं चाललीये तुझी लेक, आणि सुट्टीपुरती नाही. कॉलेज तिथूनच करणार म्हणते."

"नाटकं नुसती."

"तिचं नाटक मागच्या आठवड्यात झालं. तूच नव्हतीस."

"त्या दिवशी पाहुण्यांचा लोंढा आला होता. मी नसते तर पोरींनी..."

"चादरी तिरक्या घातल्या असत्या. बुडालं असतं जग." नवऱ्यानं पेपरातून मान वर केली नाही. "जा, सांग तिला राहा म्हणून. मी सांगून पाहिलं. माझं तोंड ती रोज बघते, त्याला काय किंमत. तुझ्या तोंडून ऐकायला थांबलीये. एवढा एक शब्द."

"तेवढं येतं मला," बाई म्हणाल्या, जणू नवऱ्यानं त्यांना उशीला खोळ घालायला शिकवलं होतं.

पण येताना वाटभर तोच शब्द तोंडात घोळवत होत्या त्या. राहा. राहा गं. नको ना जाऊ.

लेकीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. कडी कित्येक वर्षं बसतच नव्हती. हॉटेलात असती तर बाईंनी तासाभरात माणूस उभा केला असता. मुठीला पाटी लटकत होती. हॉटेलचीच. लाल बाजू बाहेर. 'कृपया त्रास देऊ नये.'

ढापली वाटतं माझ्याच मजल्यावरून, असं मनात येऊन बाईंना हसू फुटणार होतं. तोवर दार ढकलायला गेलेला हात वाटेतच थांबला. लाल पाटीच्या दाराला हात लावायचा नाही. एका पोरीनं लावला होता, तिला त्यांनी त्याच दिवशी घरी बसवलं होतं. दुपार उलटूनही पाटी फिरली नसेल, तर मोठ्या बाईनं स्वतः जाऊन वाजवायचं, असा नियम.

दुपार उलटली होती.

बोटांच्या पेरांनी तीनदा ठोठावून बाई एक पाऊल मागं सरल्या. मान किंचित खाली. आणि गळ्यातून आपोआप आवाज आला, गोड, घासून गुळगुळीत झालेला:

"हाउसकीपिंग."

शब्द बाहेर पडला तेव्हा त्यांना तो ऐकू आला. सोफ्यावर नवरा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आत बॅगेची चेन सरकत होती ती थांबली. मग लेकीचा आवाज आला, तितकाच गोड.

"नंतर या."

या. जन्मापासून तिनं आईला 'ये' आणि 'जा' केलेलं. भांडतानासुद्धा.

"अगं, मी आहे."

"ओळखलं. आया दार वाजवत नाहीत."

दार लोटायला एक बोट पुरे होतं. तेच बोट, अजून काळं. बाईंनी ते रुमालाला पुसलं. पाटीकडं पाहिलं. ठोठावताना ती जराशी तिरकी झाली होती. त्यांनी ती सरळ केली.

खाली हॉर्न वाजला.

दार उघडलं. लेकीच्या दोन्ही हातांत बॅगा, डोळे कोरडे. एक बॅग खाली ठेवून तिनं पाटी उलटी केली. हिरवी बाजू. 'खोली स्वच्छ करावी.'

"आता या," ती म्हणाली. बापाच्या खांद्याला डोकं टेकवून आली, आणि बॅगा जिन्यावर आपटत उतरत गेली.

राहा हा शब्द बाईंच्या तोंडात होता. तोंड बंद होतं.

त्या आत गेल्या. गादीवर लेकीच्या अंगाचा खळगा, अजून उबदार. एक हात त्या खळग्यात गेला, थोडा थांबला. तोवर दुसऱ्या हातानं चादरीचं टोक धरलं होतं. ताणली, दुमडली, कोपरा गादीखाली खोचला. उशीवर एक लांब केस होता. तो त्यांनी उचलून उजेडात धरला. समोर रागवायला कुणी नव्हतं.

खाली गाडी सुरू झाली तेव्हा शेवटचा कोपरा बसत होता.

नवरा दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर तोच ओला टॉवेल. त्यानं बिछाना या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. एक सुरकुती नव्हती.

"झाली खोली तयार," तो म्हणाला. "कुणाला द्यायची आता?"