आईचं नाव

"मिस, मला ओळखलंत?" शाळेच्या ऑफिसात लष्करी गणवेशातली एक तरुणी माझ्यासमोर उभी होती. छातीवरच्या पट्टीवर आडनाव होतं, पण ते नवऱ्याचं असणार. मी ओळखल्यासारखी हसले.

जपानमधल्या या अमेरिकन लष्करी तळावर मी, मिरजेची बाई, बावीस वर्षं सैनिकांच्या मुलांना शिकवतेय. बापाची बदली झाली की मूल जातं, कधी कधी वर्ष अर्धवट सोडून. पहिली तीन वर्षं मी प्रत्येकाचं नाव पाठ केलं आणि प्रत्येकासाठी रडले. मग ठरवलं, नावं लक्षातच ठेवायची नाहीत. सगळ्यांना एकच हाक मारायची, बाळा.

"तुम्ही मला बाळा म्हणायचात," ती म्हणाली. "बाबा लढाईवर होते तेव्हा. म्हणजे सगळ्यांनाच म्हणायचात, पण मला म्हणताना तुमचा आवाज वेगळा यायचा. मला कळायचं ते."



तिच्यामागून पाच वर्षांची एक मुलगी पुढे आली. "ही माझी लेक. हिला तुमच्या वर्गात घालायचंय. नाव तेच ठेवलंय. आम्हाला तुमच्यासारखा ळ जमत नाही, म्हणून बाला."

मी प्रवेशाचा फॉर्म पुढे ओढला आणि मुलीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. खालचा रकाना आईच्या नावाचा होता. तिथं पेन थांबलं. मी फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"एवढं तू लिही, बाळा," मी म्हणाले.

या वेळी माझा आवाज खरंच वेगळा आला.