बाबांच्या उशाशी फेरीबोट

फेरीबोटीच्या अ‍ॅपमधला हिरवा दिवा सांगत होता की सगळ्या प्रवाशांचे फोन जोडले गेलेत. तरी ‘फेरीबोट निघतेय’ हा निरोप तीन दिवस कुणालाच मिळत नव्हता. लोकांच्या फेऱ्या चुकत होत्या आणि ते अ‍ॅप बनवणाऱ्या शलाकाचं डोकं पिकलं होतं.

अखेर चूक सापडली. प्रोग्राममधल्या फोन जोडून घेणाऱ्या फंक्शनमध्ये तिने नव्या कनेक्शनचं नाव लिहिलं होतं. निरोप पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये लिहायचंच राहिलं होतं. म्हणून सगळे निरोप चाचणीच्या जुन्या कनेक्शनवर जात होते. तिथे एकच फोन होता, गावी अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या उशाशी.

तिने बाबांना फोन लावला. “फेरीबोटीचा निरोप सारखा वाजत असेल ना? बंद करते हं.”

“नको गं,” जन्मभर फेरीबोट चालवलेले बाबा तंद्रीतच म्हणाले. “तो वाजला की खाट पाण्यावर तरंगते. मी सुकाणू धरतो. पलीकडचे माड जवळ येतात.”

तिने राहिलेलं नाव लिहिलं. मग जुन्या कनेक्शनसाठी आणखी एक ओळ घातली.

चारच्या फेरीला शेकडो फोन वाजले, आणि गावी एका खाटेने किनारा सोडला.