ओल्या मातीतले ठसे

"उजवं पाऊल अजून बाहेर वळतंय, वैजू. परत एक फेरी मार."

ढगेसरांनी ट्रॅकवर पाणी मारलं होतं, ओल्या मातीत माझी पावलं नीट दिसावीत म्हणून. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, तरी मेलं पाऊल वाकडंच पडायचं. मी गुडघ्याचा पट्टा आवळला आणि पुन्हा पळाले.

सर वाकून बघत राहिले. या वेळी सगळे ठसे सरळ होते.

"आता जमलं," ते म्हणाले.

राज्य स्पर्धेला महिना उरला होता. मी धापा टाकत विचारलं, "सर, टायमिंग किती आलं?"

"उद्यापासून सकाळच्या बॅचला ये," ते ठशांकडेच बघत म्हणाले. "लहान मुलींना दाखवायला, पाऊल कसं टाकायचं ते."

स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात होतं. त्यांनी ते सुरूच केलं नव्हतं.